जुहूचा विमानतळ रिकामा दिसतो, मग तिथून कोल्हापूरचं विमान का सुटत नाही?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, नोकरीसाठी अंधेरीत. पार्ल्याला मित्राच्या गच्चीवरून जुहूची धावपट्टी दिसते आणि जेव्हा पाहावं तेव्हा ती मोकळीच असते. दुसरीकडे सांताक्रूझला विमानांची रीघ लागलेली. मग जुहूहून कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरीला सत्तर सीटची विमानं का सोडत नाहीत? आणि इतका जुना विमानतळ असा पडून का आहे?

मी वैमानिक नाही, हे आधी सांगतो. जुहूला हेलिकॉप्टरच्या ऑपरेशन्समध्ये बरीच वर्षं काढली, नंतर छोट्या प्रवासी विमानांच्या वेळापत्रकाचं काम केलं. वैमानिकाच्या हातात हवामानाचा कागद, वजनाचा हिशेब आणि प्रवाशांची यादी देणारा माणूस असतो ना, तो मी. त्यामुळे माझी नजर धावपट्टीपेक्षा तिच्या आजूबाजूला काय आहे, तिकडे जास्त जाते. तुमच्या प्रश्नाची खरी गाठही तिथेच आहे. धावपट्टी मोकळी असणं वेगळं आणि तिच्या वरचं आकाश मोकळं असणं वेगळं.

इतिहासापासून सुरुवात करू, कारण आजच्या अडचणीचं मूळ त्यातच आहे. जुहूचा विमानतळ १९२८चा, देशातला पहिला नागरी विमानतळ. मुंबईचा फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. नाव विमानतळ असलं तरी होतं खाजणाकाठचं सपाट मैदान. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. विलायतेची पत्रं इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत यायची, तिथून पुढे मुंबई आणि मद्रास ही टाटांची जबाबदारी. जुहूहून पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत उडवला. पुढे जी एअर इंडिया झाली, तिची सुरुवात ही.

या कथेतला जो भाग सहसा कोणी सांगत नाही, तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा. पावसाळा लागला की जुहूचं मैदान चिखलात जायचं. मग टाटांची मंडळी विमानं, सुटे भाग, मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला जायची आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून काम चालवायची. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही जागा तिथे वर्षभर नियमित विमानसेवा चालवायला अपुरी होती. शहराजवळ सपाट जमीन मिळाली म्हणून ती निवडली गेली. आज धावपट्टी पक्की आहे, पण शेजारून इर्ला नाला वाहतो, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि मोठी भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी कुठून कुठे जातं, हे पार्ले-जुहूच्या लोकांना मी सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला लष्करी तळ मोठा झाला. युद्ध संपल्यावर नागरी वाहतूक तिकडे गेली. त्यात जुहूचा अपमान वगैरे काही नव्हता. विमानं मोठी झाली, जड झाली, त्यांना लांब धावपट्टी हवी होती. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आज जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे. जुहूची मोठी धावपट्टी सुमारे ११४० मीटर, आणि तिला छेदणारी दुसरी त्याहूनही आखूड.

पण दोन्ही मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या. धावपट्टीला होकायंत्राच्या अंशांवरून आकडा देतात. जुहूची ०८–२६, सांताक्रूझची ०९–२७. समुद्रावरून मुंबईत उतरायला येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू लागतं, मग सांताक्रूझ. याचा परिणाम काय झाला पाहा. १५ जुलै १९५३ला ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ते पुन्हा उडवून न्यायला सुमारे नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने तेच केलं. ते धावपट्टी संपल्यावरही पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. हे किस्से लोक गंमत म्हणून सांगतात, मला त्यातली भूमिती दिसते. दोन विमानतळ इतके जवळ आणि इतके एकरेषीय असतील, तर एकावर काय चाललंय याचा विचार केल्याशिवाय दुसऱ्यावर काहीच करता येत नाही.

आता 'रिकामा' या शब्दाकडे वळतो. मुंबई हायमध्ये १९७४ला तेल सापडलं, १९७६ला उत्पादन सुरू झालं. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, भर समुद्रात माणसं राहून काम करतात. त्यांना बोटीने नेता येतं, पण वेळ जातो आणि पावसाळ्यातला समुद्र बोट लावू देत नाही. त्यामुळे क्रू-चेंज, म्हणजे तिथल्या माणसांची पाळीबदल, हेलिकॉप्टरने होतो आणि तो मुख्यतः जुहूहून होतो. १९८५ला पवन हंस स्थापन झाली तीही मोठ्या प्रमाणावर याच कामासाठी.

हेलिकॉप्टर जागच्या जागी उभं उडतं, मग त्याला धावपट्टी कशाला, असं तुम्ही विचाराल. रिकामं हेलिकॉप्टर उडतंही तसं. पण पूर्ण भरलेलं दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर धावपट्टीवर येतं, जमिनीलगत पुढे सरकत वेग घेतं आणि मगच चढतं. कारण सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत एक इंजिन बंद पडलं, तर समोर उरलेल्या धावपट्टीवर परत टेकता आलं पाहिजे. तेवढा वेग आणि उंची आली की मग उरलेल्या एका इंजिनावरही पुढे जाता येतं. म्हणजे तुम्हाला जी मोकळी धावपट्टी दिसते, ती त्या काही सेकंदांसाठी मोकळी ठेवलेली असते. तिचा उपयोग तिच्या मोकळेपणातच आहे.

सकाळचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे छोटा विमानतळ म्हणजे काय असतं ते कळेल. उजाडायच्या सुमारास गाडी धावपट्टीवरून एक फेरी मारते: दगड, खिळा, मेलेला पक्षी, रात्रीच्या पावसाने उखडलेला डांबराचा तुकडा, काहीही पडलेलं चालत नाही. पावसाळ्यात गवतावर बगळे आणि वर घारी, त्यांना हाकलायला फटाके लावणारा माणूस वेगळा. इंधनाच्या टँकरमधून काचेच्या बरणीत नमुना काढतात आणि सिरिंजच्या टोकाला एक छोटी प्लास्टिकची कॅप्सूल लावून तेल तिच्यातून ओढतात. आतला कागद पिवळाच राहिला तर ठीक. हिरवट झाला तर इंधनात पाणी आहे, टँकर बाजूला. मुंबईच्या दमट हवेत हा प्रकार कोणी हसण्यावारी नेत नाही. मग प्रवासी. प्रत्येक माणूस काट्यावर उभा राहतो, त्याची बॅगही वेगळी तोलली जाते. 'साहेब, दोन किलोच जास्त आहे' हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं.

तो काटा आमच्या धंद्याचा गाभा आहे. जायला पाऊण तास, समुद्रातल्या डेकवर (हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर) हवा बिघडली तर तसंच परत यायचं, शिवाय राखीव इंधन. इंधन वाढवलं की माणसं कमी करावी लागतात. मे महिन्याच्या दुपारी हवा तापून पातळ झाली की पंख्यांची आणि इंजिनांची ताकद घटते, आणखी एखादा माणूस उतरवावा लागतो. कोणाला उतरवायचं यावर वाद व्हायचे. त्या वादात आकडा हातात असलेल्याचंच चालायचं.

हाच हिशेब तुमच्या सत्तर सीटच्या विमानाला लावून पाहा. एटीआर-७२ भरलं की साधारण २३ टनांचं. समुद्रसपाटीला, बेताच्या तापमानात, पूर्ण वजनाने उडायला त्याला १३०० मीटरच्या पुढे धावपट्टी लागते. जुहूला ११४०. वजन कमी करून उडवता येईल, पण मग सत्तरपैकी किती सीट विकायच्या? उतरताना नियम आणखी कडक. प्रवासी टर्बोप्रॉप (पंख्याचं) विमान उपलब्ध धावपट्टीच्या ७० टक्क्यांत थांबू शकतं असं कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे जुहूला ८०० मीटरच्या आत. धावपट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के राखून ठेवायचे, म्हणजे हातात उरले ७०० मीटरही नाहीत. आणि मुंबईत धावपट्टी वर्षातले चार महिने ओली असते.

'मग धावपट्टी वाढवा' हे उत्तर मला दर वेळी मिळतं. पश्चिमेला जुहू तारा रोड आणि चौपाटी, पूर्वेला पार्ल्याची वस्ती. धावपट्टी समुद्रात पुढे नेण्याचे प्रस्ताव मधल्या काळात चर्चेत आले होते. पण लांबी वाढली की गोष्ट लांबीवर थांबत नाही, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. १२०० मीटरच्या पुढे गेलेली धावपट्टी नियमांच्या पुस्तकात वरच्या वर्गात जाते. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी ठेवायची पट्टी रुंद होते आणि टोकाला राखायची सुरक्षित जागा वाढते. चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या इमारतींची उंची नव्याने मोजली जाते. खराब हवेत उपकरणांच्या आधाराने उतरायची सोय हवी असेल तर ती पट्टी आणखी कितीतरी रुंद. म्हणजे शंभर मीटर डांबर टाकलंत की हँगर हलवायची आणि सोसायट्यांचे वरचे मजले मोजायची वेळ येते. पार्ल्यात एका मजल्याच्या परवानगीसाठी माणसं किती खेटे घालतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

लहान विमान घ्या, असं म्हणाल. ते तांत्रिकदृष्ट्या बसतं. १९ सीटचं डॉर्निअर-२२८ ११४० मीटरमध्ये आरामात उडतं. अग्निशमनाची तयारीही हलकी लागते, कारण ती विमानाच्या लांबीवर ठरते. साडेसोळा मीटरचं डॉर्निअर तिसऱ्या श्रेणीत येतं, सत्तावीस मीटरचं एटीआर-७२ पाचव्या. पाण्याचा साठा त्या दोन श्रेणींत कित्येक पटींनी वेगळा. एकोणीसच सीट का, तर वीस झाल्या की केबिन क्रू ठेवावा लागतो. जुहूहून पंख असलेली विमानं उडालेलीही आहेत. फ्लाइंग क्लबची सेसना विमानं वर्षानुवर्षं उडाली, पुढे प्रशिक्षण धुळ्याला गेलं. २०१४ला पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने लोणावळ्याच्या बाजूला सेवा सुरू झाली होती, तीही जुहूहूनच.

मग अडतं कुठे? आकाशात. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी पश्चिमेला समुद्राकडे लांबवली आहे अशी कल्पना करा. ती रेषा जुहूच्या दक्षिणेला अगदी जवळून जाते. वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेचा, म्हणून मोठी विमानं त्याच बाजूला उडतात. एखादं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं तर तेही तिथूनच जातं. जुहूच्या टॉवरला म्हणूनच सांताक्रूझशी सतत बोलून काम करावं लागतं. हेलिकॉप्टरला हे जमतं: ते खाली राहतं, कमी वेगात वळतं, 'थांब' म्हटलं तर हवेतच थांबतं. पंख असलेल्या विमानाला थांब म्हणता येत नाही. शिवाय जड विमानामागे हवेत भोवरे राहतात. सात टनांच्या आतलं विमान मोठ्या जेटच्या मागे असेल तर नियमाने सहा सागरी मैल अंतर ठेवायचं. म्हणजे जुहूहून डॉर्निअर सोडायचं तर सांताक्रूझच्या रांगेत फट पाडावी लागणार. ज्या रांगेला वळसा घालण्यासाठी तुम्ही जुहू सुचवलंत, त्याच रांगेत हे विमान पुन्हा उभं राहिलं.

सांताक्रूझची अडचणही समजून घ्या. तिथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. दिवसाला नऊशेच्या वर विमानं येतात-जातात. तिथला स्लॉट, म्हणजे उडण्या-उतरण्याची ठरवून दिलेली वेळ, १९ सीटच्या विमानानेही तेवढाच खर्च होतो जेवढा १८० सीटच्या विमानाने. आता विमानतळाने तो कोणाला द्यावा? छोटी शहरं विमानाने जोडायला २०१६ला आखलेल्या सरकारी उडान योजनेत निम्म्या सीटचं भाडं तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांपर्यंत बांधलेलं होतं, तुटीची भरपाई सरकारकडून तीन वर्षं, छोट्या विमानतळावर उतरण्याचं शुल्क माफ. कागदावर उत्तम. एअर डेक्कनने डिसेंबर २०१७पासून १९ सीटच्या बीचक्राफ्टने जळगाव, नाशिक आणि नंतर कोल्हापूर मुंबईला जोडलं. पण मुंबईत सोयीची वेळ मिळण्याची मारामार, एक विमान बिघडलं की बदली नाही, फेऱ्या रद्द. एप्रिल २०२०ला कंपनीने काम थांबवलं. सिंधुदुर्गचं पाहा: चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला, अडीच किलोमीटरची धावपट्टी. तिथे डांबराची काहीच कमतरता नव्हती. तरी भरपाईची तीन वर्षांची मुदत संपली आणि मुंबईची ती सेवा थांबली.

ही सेवा टिकणं न टिकणं मार्गावर अवलंबून असतं, त्यामुळे सरसकट 'छोटी विमानं चालत नाहीत' असं मी म्हणणार नाही. नाशिकला रस्त्याने चार तासांत पोचता येतं, तिथे विमानाला फारसा अर्थ नाही. विमानतळावर जाणं आणि तपासणी धरली तर वेळ वाचतच नाही. कोल्हापूरला रस्त्याने आठ-नऊ तास, तिथे गिऱ्हाईक आहे. साखर कारखाने, फाउंड्री, अंबाबाईला येणारे भाविक, सगळे पैसे द्यायला तयार असतात, फक्त सकाळी जाऊन रात्री परतता आलं पाहिजे. दुपारी एकचं विमान कोणाच्याच उपयोगाचं नसतं. म्हणून वेळापत्रक करताना मी आधी पाहायचो मुंबईतला स्लॉट किती वाजताचा आहे ते. विमान कुठलं हा प्रश्न नंतरचा.

तर तुमच्या प्रश्नांची उत्तरं अशी. जुहू रिकामा नाही, समुद्रातल्या माणसांची ने-आण तिथून होते. सत्तर सीटचं विमान तिथल्या डांबरात बसत नाही, एकोणीस सीटचं बसतं पण सांताक्रूझच्या रांगेतून सुटत नाही. आणि कोल्हापूरची खरी गरज धावपट्टीची नसून मुंबईच्या बाजूला सकाळ-संध्याकाळच्या स्लॉटची आहे. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५पासून चालू झाला आहे. जागा सुटली तर तिथे सुटेल. अंधेरीहून उलव्याला जाणं कंटाळवाणं आहे, मान्य, पण अटल सेतू झाल्यापासून दक्षिण मुंबईकरांची तरी तक्रार कमी झाली आहे.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. छोट्या विमानतळांवर उतरायला हवा बऱ्यापैकी स्वच्छ लागते. साध्या नजरेने उतरायचं तर किमान पाच किलोमीटर दिसलं पाहिजे. जून ते सप्टेंबरमध्ये पहाटे ढग खाली आलेले असतात आणि पहिली फेरी सगळ्यात जास्त अडकते. शक्य असेल तर उशिराच्या सकाळची घ्या, आणि लग्नकार्याला किंवा कोर्टाच्या तारखेला निघाला असाल तर आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढून ठेवा.